बागेतली गांडुळं: मोजायची कशी, औषधांपासून वाचवायची कशी

द्राक्षाच्या मण्यात कुठल्या औषधाचा किती अंश राहिलाय हे आपल्याकडचा शेतकरी पॉइंटात सांगतो. एक्सपोर्टचा माल असला की काढणीच्या आधी सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट येतो, एमआरएलच्या (अंशाच्या कमाल मर्यादेच्या) वर एक जरी घटक निघाला तरी प्लॉट लोकलला जातो. २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात माल अडकला होता, त्यानंतर तर पीएचआय (शेवटचा फवारा आणि काढणी यात ठेवायचे दिवस) हा शब्द निफाड-दिंडोरीतल्या शाळकरी पोरांच्याही तोंडात बसला. पण त्याच वेलीच्या बुडाशी, बोदात (ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यात), ड्रीपरच्या खाली वर्षानुवर्षं काय काय साचत गेलंय ते कोण विचारतं? कोणीच नाही, कारण माती काही कंटेनरमध्ये भरून परदेशी जात नाही.

माती परीक्षणाचा कागद आपण काढतो त्यात पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश असलं असतं, औषधांचे अंश त्यात येत नाहीत. ते वेगळं तपासायला खर्च बराच, आणि आलेला आकडा वाचून आपण काय करणार हाही प्रश्नच. म्हणून माझं म्हणणं असं की गांडुळांना विचारा. ती त्याच मातीत राहतात, तीच माती खातात, आणि त्यांना विचारायला फावडं, गोणपाट आणि एक प्लास्टिकचा टब एवढ्यावर भागतं. आधी थोडं कारण सांगतो मग करायचं कसं ते सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी डायरेक्ट खड्ड्यावर जावं.

गांडुळाला फटका बसतो कसा

गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतूनच श्वास घेतं, म्हणजे मातीतल्या ओलीत जे काही विरघळलेलं असेल ते कातडीतून थेट आत. शिवाय माती आणि कुजका पाला खातं, म्हणजे पोटातूनही आत. दोन्ही दारं सताड उघडी. क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं आणि कार्बोफ्युरानसारखी कार्बामेट किड्याच्या नसांमधलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात आणि नेमकं हे एन्झाइम गांडुळातही आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड मंडळी नसांच्या ज्या जागी चिकटतात ती जागाही गांडुळाला आहेच. औषधाला काय माहीत हा मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि हा आपला गडी.

पण मरणं ही फार पुढची गोष्ट झाली. त्याच्या कितीतरी कमी डोसला गांडूळ अंडी घालायचं थांबतं, बिळं खणायचं कमी करतं, वजन घटतं, नुसतं पडून राहतं. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मेलेलंही दिसत नाही, कारण ते जमिनीखाली मरतं आणि ओल्या मातीत थोड्याच दिवसांत विरून जातं. त्यामुळं "आपण एवढी वर्षं मारतोय, एक गांडूळ मेलेलं पाहिलं नाही" हे जे पारावर ऐकू येतं ना, त्याला काही अर्थ नाही.

आता सगळ्यात मोठा घोळ कुठं आहे तर कार्बेन्डाझिममध्ये. हे बुरशीनाशक, कीटकनाशक नाही, माणसाला तसं कमी विषारी, डब्यावर लाल त्रिकोण नाही, म्हणून आपण ते पावडर लावल्यासारखं वापरतो: रोप बुडवायला, आळवणीला (मुळाशी औषधाचं पाणी ओतायला), करप्याला, डाळिंबाच्या मर रोगाला. आणि गांडुळासाठी ते सगळ्यात वाईट औषधांपैकी एक आहे. किती वाईट, तर इंग्लंडमध्ये गोल्फच्या मैदानांवर गांडुळांनी वर काढलेल्या मातीच्या गोळ्यांचा त्रास होतो म्हणून वर्षानुवर्षं मुद्दाम कार्बेन्डाझिमच मारायचे, गांडुळं हटवायचं औषध म्हणून! २०१७ च्या सुमारास तिथं ते बंद झालं. आपण पैसे देऊन तेच बोदात सोडतो आणि मग गांडूळखताच्या गोण्या विकत आणतो. उघड्या मातीत त्याचं निम्मं व्हायलाच ६ ते १२ महिने लागू शकतात, म्हणजे पुढची छाटणी आली तरी मागच्या छाटणीचं थोडं शिल्लकच.

त्रिकोणाबद्दल इथंच सांगून टाकतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हा माणसाला आणि जनावराला किती विषारी यावरून ठरतो, त्याचा गांडुळाशी काही संबंध नाही. हिरवा दिसला म्हणजे मातीला चालतं असं समजू नका.

दुसरं, मोरचूद. त्यात चुना मिसळून केलेलं बोर्डो आपल्याकडं देवासारखं, डाऊनी या बुरशीच्या रोगाला त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि सेंद्रिय शेतीतही ते चालतं म्हणून लोक बिनधास्त असतात. पण तांबं हे कुजत नाही, उडत नाही, त्याला हाफलाइफ वगैरे भानगड नाही, जे पडलं ते मातीच्या वरच्या वितीत बसून राहतं. हिशोब करून बघा. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, म्हणजे पाव किलो तांबं. एकरी ४०० लिटर पाणी मारलं तर एका फवाऱ्यात १ किलो तांबं गेलं. युरोपियन युनियननं २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा घातलीय, एकराला आणि वर्षाला बसवली तर साधारण १.६ किलो. म्हणजे असे दोन फवारे झाले की युरोपातल्या द्राक्षवाल्याच्या वर्षाच्या सरासरीच्या आपण पुढं. हा आपल्याकडचा कायदा नाही पण मोजपट्टी म्हणून घ्यायला हरकत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तांबं बरंचसं बांधलं जातं, आम्लधर्मी जमिनीत जेवढं जाचतं तेवढं इथं जाचत नाही हे खरं आहे, पण बांधलं जातं म्हणजे नाहीसं होतं असं नाही.

फोरेट तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशातच बंद आहे, कांदा लागवडीला कुणी जुनी गोणी काढून देत असेल तर हात जोडा. तणनाशकं बहुतेक वेळा गांडुळाला कीटकनाशकांसारखी लगेच मारत नाहीत, पण गल्लीतलं (दोन ओळींमधल्या पट्ट्यातलं) सगळं गवत जाळलं की त्याचं खाणंही गेलं आणि सावलीही गेली, मग ते थांबेल कशाला.

खड्डा: आहेत की नाहीत ते बघणं

वेळ महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये खणून "एकही नाही हो" म्हणण्यात अर्थ नाही, उन्हाळ्यात आपली देशी गांडुळं खोल जातात आणि गुंडाळी करून झोपून राहतात. चांगला पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झालेले असावेत, जमीन वाफशावर (ओली पण चिखल नाही अशी) असावी, म्हणजे आपल्याकडं जुलैअखेर ते सप्टेंबर. सकाळी लवकर. आणि नुकतंच ड्रीपमधून काही सोडलेलं असेल तर त्या आठवड्यात नको, मोजणी मुद्दाम औषधाच्या परिणामासाठीच करायची असेल तर गोष्ट वेगळी, मग आधी आणि नंतर अशी दोनदा करा.

फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल असा चौकोनी खड्डा काढायचा. माती बाजूला फेकायची नाही, फावड्यानं उचलून सरळ गोणपाटावर नाहीतर पांढऱ्या ताडपत्रीवर घ्यायची आणि हातानं ढेकूळ न ढेकूळ फोडायचं. तीन जागा घ्या. एक ड्रीपरच्या जवळ बोदात, मुळ्या तुटणार नाहीत असं खोडापासून लांब. दुसरी गल्लीत, ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या बाहेर. तिसरी बांधावर, जिथं कधी काही मारलेलं नाही, माती मात्र तीच हवी, मुरमाड बांध आणि काळं रान अशी तुलना करू नका. प्रत्येक जागी एक खड्डा पुरत नाही, गांडुळं सारखी पसरलेली नसतात, दोन-तीन काढा.

आता नुसतं मोजू नका, बघा. मोठी गांडुळं कुठली तर ज्यांच्या अंगावर डोक्याच्या बाजूला जाडसर पट्टा आहे ती, ती वयात आलेली. पट्टा नाही ती पिल्लं. आणि ढेकळांमध्ये मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर-तपकिरी, लिंबाच्या आकाराचे दाणे सापडतात ती त्यांची अंडकोषं, पहिल्यांदा बघणारा खताचा दाणा समजून सोडून देतो. तीनही वेगवेगळं लिहा, कारण खरी बातमी तिथंच असते. मोठी आठ आणि पिल्लू एक नाही, अंडकोष नाही, असं निघालं तर समजा की आहेत ती जुनी माणसं आहेत आणि घरात पाळणा हललेला नाही. औषधाचा कमी डोस आधी तिथंच मारतो.

किती असावीत? अमेरिकेतल्या माती तपासणीच्या किटमध्ये चौरस फुटाला १० च्या आसपास असली तर जमीन चांगली असं धरतात. आपल्या भारी काळ्या जमिनीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका, तुमचा बांध हाच तुमचा आकडा. बांधावर ७ आणि बोदात १ असेल तर प्रश्न आहे, बांधावर २ आणि बोदात २ असेल तर औषधापेक्षा ओल आणि खाणं यांचं बघावं लागेल.

खोल बिळात राहणारी गांडुळं फावड्याचा धक्का लागला की खाली निसटतात. ती बघायची असतील तर मोहरीची पूड, लिटरला साधारण १० ग्रॅम, पाण्यात कालवून आदल्या रात्री ठेवा आणि खड्ड्याच्या तळाला हळूहळू चारेक लिटर ओता. पाच-दहा मिनिटांत झोंबलेली गांडुळं वर येतात. मोजून झाली की साध्या पाण्यात खळबळून परत सोडा, नाहीतर मोजायला गेलो आणि मारून आलो असं व्हायचं.

खड्डा करायचा कंटाळा असेल तर निदान सकाळी वाकून बघा. जिवंत बोदावर पावसाळ्यात बारीक शेवया गुंडाळल्यासारखे मातीचे गोळे दिसतात, हातात घेतले तर लगेच फुटत नाहीत. ते दिसत नसतील आणि बोदाच्या वर हिरवट-काळी, गुळगुळीत, पापडी धरलेली माती असेल, मागच्या वर्षीची पानं आणि काड्या जशाच्या तशा पडून असतील, तर खाली कामाला कोणी उरलेलं नाही एवढं समजा.

टब: ही माती गांडुळाला चालते का ते विचारणं

हे मला सगळ्यात आवडतं कारण यात गांडूळ स्वतः मत देतं. लॅबमध्ये ही पद्धत आयएसओच्या मानकानुसार करतात, नाव अव्हॉयडन्स टेस्ट, आणि घरी जवळपास तशीच होते. गांडुळाच्या कातडीवर सगळीकडं रसायन ओळखणाऱ्या पेशी असतात, माती नकोशी असली की ते तिथं राहत नाही, सरळ शेजारी सरकतं.

दोन-तीन लिटरचा उभट नाहीतर चौकोनी डबा घ्या, औषधाचा रिकामा डबा अजिबात नको. मध्ये पुठ्ठ्याची नाहीतर पत्र्याची फळी उभी करा. एका बाजूला बांधावरची माती, दुसऱ्या बाजूला बोदातली. दोन्ही चाळून, खडे काढून, सारख्याच ओलीच्या करायच्या: मूठ दाबली की लाडू वळावा पण बोटांतून पाणी येऊ नये. ओल कमी-जास्त राहिली तर गांडूळ औषधाला नाही, कोरड्याला कंटाळून पळेल आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळेल. शेणखत एका बाजूला जास्त असेल तरी तेच होतं, म्हणून शक्यतो सारखंच रान निवडा. हाताला ग्लोव्हज घाला, बोदातली माती नुकती औषधाची असेल तर जास्तच.

फळी काढा. मधल्या रेषेवर पट्टा आलेली १० गांडुळं ठेवा, लॅबमध्ये गांडूळखताची लाल जात म्हणजे आयसेनिया फेटिडा वापरतात, तुम्ही गांडूळखताच्या बेडमधून घेतली तरी चालतील. ती आत शिरली की भोकं पाडलेलं झाकण लावून सावलीत ४८ तास ठेवा, काही खायला घालू नका, उघडून बघू नका. दोन दिवसांनी आधी फळी परत त्याच जागी दाबायची आणि मग एकेक बाजू उपसून मोजायची, फळीखाली जे अर्धं-अर्धं सापडेल ते दोन्हीकडं अर्धं धरायचं.

असे निदान चार-पाच डबे करा, आणि त्यातला एक असा की दोन्हीकडं बांधाचीच माती. त्यात गांडुळं साधारण निम्मी-निम्मी, फार तर ६०-४० अशी वाटली गेली पाहिजेत. तसं झालं नाही तर डब्यात काहीतरी गडबड आहे, ऊन एकीकडून लागतंय किंवा ओल सारखी नाही, तो सगळा प्रयोग सोडून द्या.

वाचायचं असं: बोदाच्या मातीत सरासरी १० पैकी २ पेक्षा कमी राहिली तर ती माती गांडुळाला राहण्यालायक नाही असं लॅबवालेही म्हणतात. ४-५ राहिली तर ठीक. पण एक मेख आहे. काही औषधं नसा अशा बधिर करतात की गांडुळाला पळायचं असलं तरी पळता येत नाही, ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटमध्ये हे जास्त दिसतं. म्हणून बोदाच्या बाजूला सापडलेली गांडुळं हातात घेऊन बघा. बोट लावल्यावर झटकन आखडतं का, का लुळं पडलंय, अंगावर गाठी-फुगे आलेत का, शेपटाकडचा भाग गळायला लागलाय का. असं असेल तर ५ राहिली म्हणून खूश होऊ नका.

अजून एक, कोणाच्याही घरी होणारं: जुना शंभर टक्के सुती बनियन बोदात वीतभर खोल पुरा, दुसरा बांधात, जागेवर काडी रोवा आणि दोन महिन्यांनी उपसा. जिथं बुरशी, जिवाणू, बारीक किडे कामाला आहेत तिथं शिलाई आणि पट्टी सोडून फार काही हातात येत नाही. जिथं नाहीत तिथला बनियन धुऊन घालता येतो. गंमत वाटेल पण शेजारच्या चार जणांना दाखवायला याच्यासारखं काही नाही.

आता बदलायचं काय

औषधं बंद करा असं मी म्हणणार नाही, ऑक्टोबर छाटणीनंतर आठ दिवस ढग बसले की काय होतं ते नाशिकच्या माणसाला सांगायला नको. पण ठरवून चार गोष्टी बदलता येतात आणि त्यातली पहिली म्हणजे ड्रीपमधून जाणारं औषध.

फवाऱ्यातलं औषध पानावर पडतं, थोडं उन्हात मोडतं, मग उरलेलं खाली येतं. ड्रीपमधून सोडलेलं सगळंच्या सगळं मातीत जातं, आणि मातीतही कुठं, तर ड्रीपरच्या खालच्या ओल्या गोळ्यात. पाऊस संपल्यावर सगळ्या रानातली गांडुळं, मुळ्या, जिवाणू गोळा होतात ते नेमके त्याच गोळ्यात, कारण ओल फक्त तिथं. मिलीबगसाठी इमिडाक्लोप्रिड दरवर्षी ठरल्या तारखेला सोडायचं, आहे का नाही न बघता, हे थांबवा. आधी खोडाची सुटलेली साल काढा, खाली मुंग्यांची रांग आहे का बघा, मुंग्या मिलीबगला राखतात, त्यांचा बंदोबस्त केला तर मित्रकिड्यांना काम करता येतं. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगा मिलीबग खातो, द्राक्षात तो सोडतातही. व्हर्टिसिलियम, मेटारायझियम या किडी मारणाऱ्या बुरश्या वापरायच्या असतील तर पावसाळी दमट हवेत. एवढं करूनही लागलंच तर ज्या ओळी लागल्यात तेवढ्याच ओळींना औषध द्या. इमिडाक्लोप्रिड मातीत महिनोन् महिने टिकतं, त्यामुळं "यंदा थोडं, पुढच्या वर्षी थोडं" हे खरं तर थोडं नसतं.

दुसरी, कार्बेन्डाझिमची आळवणी. इथं एक उलटा व्यवहार सर्रास चालतो: सोमवारी ट्रायकोडर्मा सोडायचा, गुरुवारी कोणीतरी सांगितलं म्हणून कार्बेन्डाझिम. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे भाऊ, ती त्यानं मरते, मुळांना साथ देणाऱ्या मायकोरायझा बुरशीलाही त्रास होतो. दोन्हीचे पैसे वाया. रोपवाटिकेत रोपं बुडवायची गरज असेल तर थोडक्या पाण्यात बुडवा, पण अख्ख्या बोदाला सोडायच्या आधी मर खरंच बुरशीनं आहे का सुत्रकृमीनं आहे का नुसतं पाणी साचून आहे हे मूळ उपटून कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर कृषी विद्यापीठाच्या माणसाला दाखवा. पाणी साचून पिवळी पडलेली बाग आळवणीवर आळवणी करून कोणाचीच सुधारत नाही.

तिसरी, फवाऱ्याची वेळ आणि जागा. आपल्याकडं योग असा वाईट आहे की ऑक्टोबर छाटणी होते तेव्हा जमीन ओली असते, गांडुळं वरच्या थरात असतात, आणि वेलीवर पान एक नसतं. म्हणजे ब्लोअरनं (ट्रॅक्टरच्या पंख्याच्या पंपानं) मारलेलं बरंचसं काडीवर न थांबता सरळ बोदावर. त्या दिवसांत ब्लोअरऐवजी हातगन घ्या, ओलांडा (वेलीची आडवी फांदी) आणि खोडापुरतंच मारा, पाणी कमी लागेल आणि औषधही. उडद्या भुंग्यासाठी डोळे फुगतानाचा फवाराही असाच, संध्याकाळी, काडीवर. बोर्डोचा हिशोब वहीत ठेवा, प्रत्येक वेळी किती लिटर आणि किती टक्के, वर्षाखेरीला तांब्याची बेरीज करा. जिथं अर्ध्या टक्क्यानं भागतं तिथं एक टक्का मारण्यात काही पुरुषार्थ नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड, कॉपर हायड्रॉक्साइड हेही तांबंच, ते बेरजेतून सोडू नका.

चौथी, टाकी धुवायची जागा, जिच्याकडं कोणीच बघत नाही. विहिरीजवळ नाहीतर शेडजवळ रोज एकाच ठिकाणी टाकी आणि पंप धुतला जातो, आणि तेवढ्या पाच-दहा फुटांत रानभरापेक्षा जास्त तीव्र औषध मुरतं. स्वीडनमध्ये १९९३ च्या सुमारास यावर बायोबेड नावाचा साधा उपाय काढला. पाण्याच्या जागेपासून लांब दोनेक फूट खोल खड्डा, तळाला अर्धा फूट चिकणमाती दाबून, म्हणजे खाली झिरपणार नाही. वर भुसा किंवा पेंढ्याचे दोन भाग, चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक भाग, शेतातली माती एक भाग असं कालवून भरायचं. ते लोक कंपोस्टच्या जागी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) वापरतात, आपल्याकडं ते मिळत नाही, कंपोस्ट चालतं. वर गवत उगवू द्यायचं. पेंढा कुजवणाऱ्या बुरश्या औषधाचे रेणूही तोडतात, म्हणून टाकीचं धुवण तिथं ओतायचं, पण मापात, डबकं होऊ द्यायचं नाही, पावसाळ्यात वर पत्रा टाकायचा. पेंढा बसत जातो, दरवर्षी वर नवीन भरा. तांबं मात्र इथंही मोडत नाही हे लक्षात असू द्या, बोर्डोच्या धुवणासाठी हा उपाय नाही, ते पाणी परत बागेतच काडीवर मारून संपवा.

परत आणायची कशी

लोक पहिल्यांदा काय करतात तर गांडूळखताच्या प्रोजेक्टवरून किलोभर लाल गांडुळं आणून बोदात सोडतात. ती शेणाच्या ढिगात राहणारी जात आहे, नुसत्या मातीत ती टिकत नाही, पैसे गेले समजा. आपल्या रानात राहणारी देशी जात वेगळी, ती बांधावर असतेच. बांधाच्या ओल्या मातीचे फावडंभर गठ्ठे गांडुळांसकट आणि अंडकोषांसकट उचलून जुलै-ऑगस्टमध्ये बोदात ड्रीपरजवळ ठेवा, वरून पाला झाका. ती वर्षाला काही मीटरच सरकतात, म्हणून गठ्ठे बागभर थोड्या-थोड्या अंतरावर हवेत. टबची टेस्ट केल्याशिवाय हे करू नका, राहण्यालायक नसलेल्या घरात पाहुणे नेऊन काय करायचं.

मग खाणं आणि सावली. छाटणीच्या काड्या बांधावर नेऊन पेटवण्याऐवजी श्रेडरनं बारीक करून बोदावरच टाका, उसाचं पाचट किंवा बगॅस (चिपाडं) मिळालं तर उत्तम, इगतपुरीकडून भाताचा पेंढा आणला तरी चालतो. गल्लीत ताग नाहीतर ढैंचा पेरून फुलावर यायच्या आत कापून तिथंच पसरा, रोटाव्हेटरनं गाडायची घाई नको, तो गांडुळं तर कापतोच पण बिळंही मोडतो. कोंबडखत ताजं टाकू नका, त्यातला अमोनिया आणि उष्णता दोन्ही बाधतात, चार-सहा महिने कुजू द्या. निंबोळी पेंड बिनधास्त वापरा. आणि शेणखताच्या बाबतीत एक गोष्ट गोठ्यातल्या माणसाला विचारा: जनावराला गोचीड-जंतासाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलंय का? ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, म्हणून इंजेक्शननंतरच्या काही आठवड्यांचं शेण वेगळ्या ढिगाला टाकून चांगलं कुजवायचं.

पहिल्या वर्षी खड्ड्यात आकडा फारसा हलणार नाही, आधी अंडकोष दिसतील, मग पिल्लं, पट्टावाली शेवटी. म्हणून वहीत तीन रकाने ठेवायला सांगितलं. मोजणी दरवर्षी त्याच पंधरवड्यात, त्याच ओळींमध्ये, फक्त आधीच्या खड्ड्यापासून चार-पाच वेली सोडून, कारण उकरलेल्या जागेत माती भुसभुशीत होते आणि गांडुळं तिकडं जास्त येतात, आकडा फुगतो. शेजाऱ्याच्या ब्लोअरचं औषध उडून येत असेल तर त्या बाजूच्या दोन ओळी मोजणीत धरूच नका.